भक्त, कवी आणि गृहस्थ : नारायण वामन टिळक

बडोद्याहून मुंबईस निघालेली गाडी सुरत सोडून पुढे आली की उधना लागते आणि त्यानंतर भेस्तान. एके काळी शेतीच्या मुलखातले हे लहानसे स्थानक. आता सुरत शहराने त्याला आपल्या पोटात घेतले आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान या साऱ्या पट्ट्यात कापडाच्या धंद्यामागे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. उधन्याहून तापीच्या कडेकडेने जळगावकडे जाणारा लोहमार्ग हाच त्यांच्या गावाकडचा रस्ता. गाव सोडून आलेल्या माणसाला एक प्रश्न पडतोच : मागचे काय टाकावयाचे आणि काय जपावयाचे? बडोदे येथील आपल्या जुन्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते शोधले. भाषा राखली, कुळाचार राखले, कीर्तन राखले, आणि गुजरातच्या मातीशी सोयरीकही जोडली.

परंतु मुलूख बदलणे वेगळे आणि धर्म बदलणे वेगळे. ज्या माणसाने देवाच्या शोधात घर, जात, नातीगोती आणि चाकरी पणाला लावली, आणि तरीही आपली भाषा, आपले अभंग आणि आपली बायको सोडण्यास जो तयार झाला नाही, त्याची कथा म्हणून पुन्हा एकदा सांगण्यासारखी आहे. तो माणूस म्हणजे कवी नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. वडील वामनराव करारी आणि तापट. आई जानकीबाई भाविक आणि मायाळू. कवितेची आणि भक्तीची गोडी मुलाला लागली ती आईकडून. ती माउली त्याच्या बालपणीच गेली आणि घराशी त्याचे जे सूत बांधलेले होते तेच तुटले. मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले, थोडेफार इंग्रजीही मिळवले. पदवी नाही, पाठीशी कोणी नाही. विद्या मात्र अस्सल आणि बुद्धी तीव्र.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांना दिली. हीच पुढे मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचलेली लक्ष्मीबाई. तिचा जन्म १८६८ चा. लग्नात ती अकरा-बारा वर्षांची होती. तिच्या माहेरचे सोवळे साधे नव्हते. वडिलांना सोवळ्याचे असे वेड लागलेले की बाजारातून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्यावाचून आत यावयाची नाही. अशा घरातून आलेल्या मुलीच्या नशिबी पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना तेव्हा कोणास असणार?

संसाराची पहिली वर्षे लक्ष्मीबाईंना फार कष्टाची गेली. टिळकांचा पाय एका ठिकाणी ठरत नसे. कीर्तने, प्रवचने, शीघ्र कवित्व, शाळामास्तरकी, असे करता करता ते गावोगाव फिरत. मनात वैराग्य दाटून आले की बायकोला माहेरी अथवा नातेवाइकांकडे ठेवून ते निघून जात. पुढे नागपुरास आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाला. संस्कृत ग्रंथांचे काम हाती आले, ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले. देशाची अवनती का झाली, जातिभेदाने समाज कसा पोखरला, या विचारांनी ते अस्वस्थ असत. या देशाला तारणारा नवा धर्म आपणच स्थापावा, असेही त्यांच्या मनाने घेतले होते.

आगगाडीतला सोबती

अशा मनःस्थितीत, १८९३ च्या सुमारास, ते नागपूरहून राजनांदगावास निघाले. राजनांदगाव हे तेव्हा मध्य प्रांतातील एक लहान संस्थान होते. आज ते छत्तीसगढ राज्यात आहे. गाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्या काळी गोऱ्या माणसाने एतद्देशीयास डब्यात बसू दिले तरी पुष्कळ, अशी स्थिती होती. या गृहस्थाने मात्र आदराने जागा दिली आणि संस्कृत काव्याच्या गोष्टी काढल्या. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. त्याचे नाव टिळकांना कधीही कळले नाही.

भाकिताने टिळक मुळीच विरघळले नाहीत. ते त्यांना वेडगळच वाटले. पण पुस्तक वाचावयाचे वचन दिले होते, म्हणून त्यांनी पेन्सिल हाती धरून वाचावयास आरंभ केला. प्रथम प्रथम नेट लागेना. गिरिप्रवचनापाशी आल्यावर मात्र पुस्तक खाली ठेववेना. वैऱ्यावर प्रीती करावी, दान उजव्या हाताने केले तर डाव्याला कळू नये, प्रार्थना चव्हाट्यावर नव्हे तर एकांतात करावी, ही शिकवण त्यांच्या जिवाला भिडली. येथे त्यांना नवा धर्म स्थापण्याचे कारणच उरले नाही. मनातल्या शंका त्यांनी टोपणनावाने ख्रिस्ती पत्रांतून मांडल्या, उत्तरे मिळवली, वाद घातला. भोळेपणाने गळाला लागलेला मासा असे त्यांच्याविषयी कोणी म्हणू नये. शास्त्र्याने पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोन्ही तपासावेत तसे त्यांनी तपासले.

बुद्धी मानली तरी पाऊल टाकणे सोपे नव्हते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतल्यावरून रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या थोरांवर ग्रामण्याचे वादळ उठले आणि प्रायश्चित्ताची वेळ आली. जेथे पेलाभर चहाची ही किंमत, तेथे बाप्तिस्म्याची काय असेल? बाबा पदमनजी, नीलकंठशास्त्री गोरे आणि पंडिता रमाबाई यांनी ती त्यांच्या आधी मोजली होती. टिळकांनीही मोजावयाचे ठरवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लक्ष्मीबाईंची वाट

या घटनेचा पहिला घाव बसला तो पत्नीवर. लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीसही पुऱ्या नव्हत्या. कडेवर तीन-चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत असून सौभाग्य हरवल्यासारखी त्यांची गत झाली. नातेवाइकांनी त्यांना पंढरपुरास नेले. दुःख अनावर झाले म्हणजे त्या ओव्या-पद्ये जुळवीत. चार वर्षांहून अधिक काळ पतिपत्नी दूर राहिली.

टिळकांपुढे त्या काळी दुसरा मार्ग मोकळा होता. धर्मांतरामुळे तुटलेला विवाह कायद्याने मोडून घेता येत असे. नव्या समाजात नवा संसार थाटणे अशक्य नव्हते. टिळकांनी तो विचार मनातही आणला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटीचा यत्न करीत राहिले, रागावले, रडले, पण वाट पाहत राहिले. स्वभावाने अत्यंत उतावळा असलेला हा पुरुष आयुष्यात धीर धरावयास शिकला तो येथे. देवावरची निष्ठा आणि दिलेल्या हातावरची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांना कोणा पाद्र्याने शिकवले नव्हते.

अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, त्यांच्यापाशी राहावयास आल्या. पण धर्म न सोडता. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे तसेच. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात ब्राह्मण बाईचा स्वयंपाक असा हा विलक्षण संसार होता, आणि टिळकांनी तो चालू दिला. बदल झाला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनाने घेतला आणि राहुरीस एका रात्री त्यांनी त्याचा निकाल लावला. माणसामाणसांत देवाने भेद केलेला नाही, असे मनाला पटताच त्यांनी कोणाच्याही हातचे खावयाचे ठरवले. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. सोवळ्याच्या वेडाने ग्रासलेल्या घरात वाढलेली ही बाई पुढे अनाथ पोरांची आई झाली.

ती वेळही तशीच होती. १८९९-१९०० च्या दुष्काळाची आठवण गुजरातेतील जुन्या घरांतून ‘छपनियो’ या नावाने अजून निघते. त्याच दुष्काळाने नगर जिल्हाही होरपळला. टिळकांच्या घरी पोरकी मुले येत आणि राहत. घरात पैसा कधी टिकला नाही; हाती आला की कोणाच्या तरी गरजेला तो जावयाचा. दान देणारा हात नवऱ्याचा आणि रिकामा डबा पाहणारे डोळे बायकोचे, असा हा प्रकार होता. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हे सारे न लपवता सांगितले आहे, टिळकांचा राग, विसराळूपणा आणि अव्यवहारीपणा यांवर त्यांनी पांघरूण घातलेले नाही. म्हणूनच त्यांच्या चांगुलपणाची साक्षही खरी वाटते.

अभंगाच्या वाटेने

नगर हे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे. टिळक तेथे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत शिकवीत, आणि १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १८४२ मध्ये नगरासच निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राचा मराठी भाग १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी सांभाळला. पण त्यांचे खरे कार्य निराळेच होते. मराठी ख्रिस्ती मंडळी देवळात जी गीते गात, त्यांतली पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे, इंग्रजी चालींवर बसवलेली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींचा पायंडा पाडला होता. टिळकांनी त्या पायवाटेचा राजमार्ग केला. ओवी, अभंग, आरती, पद, कीर्तन हे सारे त्यांनी ख्रिस्तभक्तीच्या सेवेला लावले. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

हे केवळ चालींचे काम नव्हते. तुकोबांना टाकून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळकांनी कधी मानले नाही. तुकोबांच्याच वाटेने आपण येथवर पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या ‘अभंगांजली’त ख्रिस्त सिंहासनावरचा परका राजा म्हणून येत नाही. तो गुरू आहे, सखा आहे, आणि वारकऱ्याला विठ्ठल जसा माउली वाटतो तसा माउलीही आहे. भक्तीविषयी टिळकांनी जे शिकवले ते मुख्यतः तीन गोष्टींत येते. प्रार्थना म्हणजे ठरल्या वेळी म्हणावयाचा पाठ नव्हे. उठता-बसता, चालता-बोलता चाललेला सोबतीशी संवाद. मतांचा काथ्याकूट करणाऱ्यापेक्षा गुरूच्या पायी स्वतःला विसरणारा देवाच्या अधिक जवळ. आणि भक्ती खरी की खोटी याची कसोटी देवळात नव्हे, तर शेजारच्या दुःखी माणसाशी आपण कसे वागतो त्यात. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी लहानपणी आजीच्या मांडीवर हरिपाठ ऐकला, त्यांना यात अनोळखी काय वाटेल?

मराठी भाषेला हे नवे नव्हते. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोमंतकात राहून मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठीच्या गोडव्यावर मोहित झालेल्या परदेशी भक्ताचा आहे. १६१९ साली स्टीफन्स वारले. त्याच्याही आधी, १५९७ मध्ये, वसईचा गोन्सालो गार्सिया जपानात नागासाकी येथे क्रुसावर मरण पावला. १८६२ साली रोमच्या चर्चने त्याला संतपद दिले. एकाने परक्या भाषेला आपले मानले, एकाने परक्या देशात प्राण दिला. टिळकांच्या वाट्याला आलेले काम त्याहून अवघड म्हणावे लागेल : आपल्याच देशात, आपल्याच लोकांत, परका न ठरता जगून दाखवण्याचे.

आणि ते त्यांनी कवितेतही दाखवले. फुलांमुलांचे कवी म्हणून मराठी रसिकांनी त्यांना जवळ केले, ते त्यांचा धर्म न विचारता. जळगावास १९०७ साली कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. हेच कीर्तिकर १९०९ मध्ये आपल्या बडोद्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. जळगावच्या त्या मेळाव्यात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाने कविता म्हटली आणि तो बालकवी ठरला. उधन्याहून निघालेल्या तापीच्या त्याच लोहमार्गावर धरणगाव आहे. हा पोर पुढे नगरास टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागवले. ठोंबरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. ज्या घराचा धंदाच धर्मप्रसाराचा, त्या घरात एका हिंदू कवीला आपल्या श्रद्धेसह निवांत वाढता आले, ही गोष्ट लहान समजू नये. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली येथे आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. त्या घरावर तो पुत्रशोकच होता.

देवाचा दरबार

मिशनच्या चाकरीत टिळकांची वीसहून अधिक वर्षे गेली, पण त्यांचे मन त्या चौकटीत पुरते रमले नाही. गोऱ्या मिशनऱ्यांपैकी कित्येकांवर त्यांचे जिवापाड प्रेम होते. तथापि हिंदी मंडळीने कायम परदेशी पैशावर आणि परदेशी हुकमतीवर जगावे, हे त्यांना सोसवत नसे. स्वदेशाचा अभिमान त्यांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवलेला नव्हता. पंजाबात साधू सुंदरसिंग १९०५ साली बाप्तिस्मा घेऊन भगव्या वस्त्रात अनवाणी फिरू लागले होते. महाराष्ट्रात टिळकही त्याच दिशेने विचार करीत होते.

१९१७ साली त्यांनी पगारी चाकरी सोडली. वय छप्पन्नाच्या घरात, प्रकृती खालावलेली, शिल्लक शून्य. साताऱ्यास राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, कोणत्याही जातीचा असो, ज्याला ख्रिस्ताला गुरू मानावयाचे आहे त्याला या दरबारात जागा होती. हे ऐकून मिशनमधील कित्येक मित्र बिचकले. बाप्तिस्म्यावाचून शिष्य कसला, असा त्यांचा आक्षेप. आणि हिंदू समाजाला वाटे की ही धर्मांतराचीच नवी युक्ती. दोन्ही बाजूंनी संशय घ्यावा अशा जागी टिळक उभे होते, आणि तेथून ते हलले नाहीत.

तारुण्यातही ते घर टाकून संन्यासी व्हावयास निघत. तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहत. या वेळचा संन्यास निराळा होता. लक्ष्मीबाई सोबत होत्या. बायकोला मागे टाकून मिळणारे वैराग्य आणि तिला बरोबर घेऊन पत्करलेले दारिद्र्य, यांतला फरक कळावयास त्यांना सारे आयुष्य लागले.

दरबाराला पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत. दुखणे विकोपाला गेले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरास नेण्यात आल्या. ख्रिस्ती पाळकाने दहन मागावे हे त्या काळी धक्का देणारे होते. आपल्या नावामागे रेव्हरंड अथवा मिस्टर असली कोणतीही उपाधी लावू नये, असेही त्यांनी बजावले होते. मराठी वाचक मात्र त्यांना आजतागायत रेव्हरंड टिळकच म्हणत आला. प्रेमाने का होईना, त्यांची ही एक इच्छा आपण मोडली.

दरबार त्यांच्यामागे मूळ रूपात टिकला नाही. जे टिकले ते वेगळेच. १९०९ साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले होते. दहा-अकरा अध्यायांपलीकडे ते जाऊ शकले नाहीत. ज्या बाईला त्यांनी लिहावाचावयास उत्तेजन दिले, जिने एकदा त्यांच्या धर्माच्या नावाने कपाळ बडवून घेतले होते, तिने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. अखेरचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी, लिहिला आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

टिळकांचा धर्म आपला नसेल. त्यांनी उचललेले पाऊल आपल्यापैकी पुष्कळांना पटणार नाही, आणि त्यांच्या घरच्यांनी त्यापायी सोसलेले दुःख आठवले की मन कळवळते. त्या दुःखाला टिळक जबाबदार होते, हे लक्ष्मीबाईंनीही नाकारलेले नाही. पण श्रद्धेने जगणे म्हणजे काय असे कोणी विचारले, तर एवढे त्यांच्या चरित्रातून निश्चित सांगता येईल : जे पटले त्याची किंमत स्वतः मोजावी, दुसऱ्यावर घाई करू नये, आणि देवाकडे जाताना आपली माणसे आणि आपली भाषा वाटेत टाकून देऊ नये. नवऱ्याने अर्धवट सोडलेला ग्रंथ बायकोने, आणि तिने सोडलेला मुलाने पुरा करावा, असे भाग्य किती उपदेशकांना लाभते?